ताशी वीस किलोमीटरचं बेट

आमचे घरमालक गेले तेव्हा नाक्यावरच्या फ्लेक्ससाठी त्यांचा एकही बिनहेल्मेटचा फोटो सापडला नाही. लग्नातला एक होता, पण त्यात मुंडावळ्यांमागे चेहरा होता आणि तोही चाळीस वर्षांपूर्वीचा. बाकी सगळ्या फोटोंत डोक्यावर पिवळं हेल्मेट. नातीच्या बारशाच्या फोटोतही ते होतं, कारण मांडवाचा एक बांबू त्यांना सैल वाटला होता. बोईसरच्या फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर हेल्मेट पुसून तिथे केस लावून देण्याची तयारी दाखवली. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, विचारलं, "कुनाचे केस?"

"कुणाचेही, काकी. बरेच आहेत माझ्याकडे."

शेवटी फोटो हेल्मेटसकट लागला. खाली 'मनमिळाऊ, सदा हसतमुख' असं छापून आलं. केसांसारखीच विशेषणंही फ्लेक्सवाल्याकडे तयार असतात.

माकुणसारला त्यांच्या घरात मी नऊ वर्षं भाड्याने राहिले. त्यांना हसताना मी दोनदा पाहिलं, त्यातलं एक हसू अग्निशामक नळकांडं पहिल्या झटक्यात सुरू झालं म्हणून होतं. मनमिळाऊपणाचं म्हणाल, तर ते गल्लीत शिरताना दिसले की शेजारणी गॅसची नळी पदराआड करत. मी पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं सांभाळणं हे माझं काम, आणि ती न्यायला कोणी येत नसल्याने माझ्याकडून ते चांगलं होतं. अशा माणसाने व्यक्तिचित्र लिहायला घ्यावं यात अर्थ नाही. पण तेराव्याला त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकून मला राहवलं नाही. एवढा गोड माणूस माकुणसारमध्ये राहत होता हे मला माहीतच नव्हतं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात, त्यांनी आयुष्य काढलं. आरंभी कामगार, पुढे सेफ्टी ऑफिसर. निवृत्तीच्या दिवशी इतर लोक कंपनी सोडून घरी येतात. हे कंपनी घेऊन घरी आले. पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे आले. अंगणातल्या माडाभोवती 'हेल्मेटशिवाय प्रवेश नाही' असं गोल रिंगण आलं. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी तांबडी-पांढरी कापडी नळी फडकू लागली, म्हणजे वायुगळती झाली तर घरच्यांना कुठल्या बाजूला पळायचं ते कळावं. गळायला घरात काकूंच्या आमसुलांचा वास सोडला तर काही नव्हतं.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी भाडेकराराच्या आधी मला चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण दिलं. खोली दहा बाय बारा.

"बाई, आग लागली. कुठून भायेर पडाल?"

"दारातून."

"दारातच लागली."

"मग... खिडकीतून?"

"खिडकीला गज हायेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीचा मधला गज कापून काढला. नऊ वर्षं मी त्या आणीबाणीच्या मार्गाशेजारी झोपले. त्याचा लाभ फक्त मांजरींनी घेतला.

पण हे सगळं वरवरचं. त्यांचा खरा आजार मोजण्याचा होता. माणसं जमली की ते मोजत. आत किती गेली, बाहेर किती आली, आणि आकडा जुळला नाही की त्यांचा चेहरा उतरे. केळव्याला एका लग्नात मी त्यांना मांडवाच्या तोंडाशी उभं राहिलेलं पाहिलं. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, केटररची माणसं पातेली घासायला बसली, तरी हे उभेच.

"एकशे बारा आत गेलेले. एकशे नऊ भायेर आले."

"काका, तिघं मागून गेले असतील," नवऱ्या मुलीचा बाप हात जोडून म्हणाला.

"असतील म्हंजे काय?"

त्या बापाने मुलीच्या पाठवणीला आणलेले अश्रू तिथेच, वेगळ्या कारणासाठी वापरले.

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलीने दोघांना विमानाने एका परदेशी बेटावर सहलीला पाठवलं. उष्ण प्रदेशातलं हिरवंगार बेट, निळा समुद्र, आणि सहलीतच धरलेली एक भटकंती: वाटाड्याबरोबर मातीच्या रस्त्यांवरून, ओढ्यांतून, केळीच्या बागांतून डर्ट बाइक चालवायची. काकू मागे बसल्या होत्या. परत आल्यावर मी हौसेने विचारलं, कसं होतं बेट?

"मला काय विचारता," काकू म्हणाल्या. "सगळे फोटो काढत होते. आमचे हे त्या वाटाड्याला हेल्मेटचा पट्टा कसा बांधायचा ते शिकवत होते. त्याला मराठी येत नाय, यांना त्याची भाषा येत नाय. तासभर चाललेलं."

काकांनी बेटाच्या आठवणी लिहून आणल्या होत्या. अकरा पानं. मी वाचल्या. समुद्राचा उल्लेख एकदाच, 'उजवीकडे कठडा नाही' असा.

"बाई, तेवीस गाड्या आत गेल्या," ते म्हणाले. "आनि परत आल्यावर त्यानं मोजल्याच नाय. नुसतं असं बघितलं." त्यांनी मान डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवली. "एखादा मागं ओढ्यात पडला असता तर?"

"पडला होता का कुणी?"

"नाय. पन त्याला कुठं म्हाईत होतं?"

या प्रश्नाने त्यांना एवढं छळलं की सहा महिन्यांत त्यांनी स्वतःच तसली सहल सुरू केली. वैतरणेच्या खाडीत, दातिवऱ्याकडून होडीने गेलं की एक बेट लागतं. तिवरं, ताडाची झाडं, मोडकी मिठागरं, आणि रेती काढणं बंद झाल्यावर तसेच राहिलेले रेतीचे ढीग. राहायला एकच माणूस, शेळ्या राखणारी जानीबाय. डोंगराकडच्या गावातून शेळ्या घेऊन ती दिवाळीनंतर तिथे यायची आणि पावसाच्या तोंडावर परत जायची. रेतीची एक मोठी होडी ती चालवणाऱ्या तांडेलासकट रिकामी बसलेली होतीच. काकांनी दहा जुन्या मोटारसायकली जमवल्या, त्यांना खडबडीत टायर चढवले, आणि जाहिरात लिहायला मला बसवलं.

"ट्रॉपिकल आयलंड लिवा. तिकडं तसंच लिवलेलं."

"काका, ते उष्ण कटिबंधातलं बेट होतं."

"मंग आपन कुठल्या कटिबंधात?"

मी नकाशा पाहिला. त्या हिशोबाने आमचं बेटही ट्रॉपिकल, माकुणसारही ट्रॉपिकल आणि बोईसरमधला सांडपाण्याचा नालाही ट्रॉपिकल. मी लिहिलं. माझ्या लेखनाला मिळालेला हा पहिला आणि शेवटचा वाचकवर्ग.

शनिवार-रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर कंटाळलेली मुंबईची तरुण माणसं येऊ लागली. त्यांना वेग हवा होता, चिखल उडवायचा होता, मोबाइलवर टाकायला काहीतरी हवं होतं. त्यांना मिळायचं ते असं. आधी दातिवऱ्याच्या धक्क्यावर प्रत्येकाला पितळेचं नंबर ठोकलेलं एक टोकन. बेटावर ताडाला टांगलेला एक फळा, त्यावर खिळे. बाहेर पडताना प्रत्येकाने आपलं टोकन आपल्या हाताने आपल्या खिळ्याला लावायचं. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. टोकनानंतर एक तास व्याख्यान. व्याख्यानानंतर परवाना, तीन प्रतींत. त्यावर गाडी चालवणाऱ्याची सही, काकांची सही आणि 'जागेचा ताबेदार' म्हणून जानीबायचा अंगठा. तिचा ताबा कुठल्याच कागदावर नव्हता. पण कारखान्यात ताबेदाराच्या सहीशिवाय कोणी स्क्रूही पिळत नाही, म्हणून इथेही नाही.

"आं, कर रं टोपीवाल्या, कर काळा," म्हणत ती अंगठा पुढे करायची. "शेळीला पन लाव येकदा."

गाड्या दहा असल्या तरी चालायच्या पाचच, त्यातली एक काकांची. कारखान्यात प्रत्येक पंपाला एक जोडीदार पंप असतो. एक चालतो, दुसरा तयार उभा राहतो. काकांनी गाड्यांना तसेच नंबर दिले होते. एक-अ, एक-ब. ब गाड्या धुऊनपुसून, पेट्रोल भरून, ताडाखाली नुसत्या उभ्या असत. टोकनांनाही ब जोडीदार होते, ते प्रथमोपचाराच्या पेटीत. "स्टँडबाय हाय," ते अभिमानाने म्हणत. त्यांच्या आयुष्यात काकूंना सोडून प्रत्येक गोष्टीला स्टँडबाय होता.

हे सगळं झाल्यावर माणूस गाडीवर बसायचा. आणि मग त्याला पहिल्या वळणावर कारखान्यातून आणलेली पाटी दिसायची: वेगमर्यादा ताशी २० कि.मी. पुढे हेल्मेट घातलेले काका, मागे तीन-चार रंगीत हेल्मेटं, एकामागे एक, शाळेच्या सहलीसारखी. जानीबायच्या शेळ्या त्यांना ओलांडून पुढे जात. रेतीच्या ढिगावर चढताना मात्र गाडी एकदा थोडी उसळायची. त्या उसळीला काका 'थ्रिल' म्हणत आणि ती झाली की परवान्यावर तशी खूण करत.

लोकांनी नेटवर अभिप्राय लिहिले. 'यापेक्षा आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा थरारक असते,' असं एकाने लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. काका म्हणाले, "लिवनारा घरी पोचलेला दिसतो."

मी त्या सहलीला जाण्याचं काही कारण नव्हतं. सायकलसुद्धा मी उतारावर हातात धरून नेते. पण एका रविवारी अंधेरीहून चौघे यायचे होते आणि तिघेच आले. परवाना चौघांचा होता.

"खाडाखोड नाय चालत, बाई. या तुमी."

असा माझा डर्ट बाइकशी संबंध आला. चार नंबरचं टोकन, चार-अ गाडी, आणि ओढणी कापायची की कुडत्यात खोचायची यावर दहा मिनिटं. इतरांत एक मुलगी, तिचा मित्र, आणि केसांची शेंडी बांधलेला एक तरुण, तीन नंबर. व्याख्यान चालू असताना तो सारखा मोबाइलकडे बघत होता. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

खरं सांगायचं तर मला मजा आली. हे मी काकांना कधी सांगितलं नाही, त्यांनी परवान्यावर खूण केली असती. खाडीचा खारा वारा, तिवरांच्या मुळांतून तुरतुर पळणारे खेकडे, बुडाखाली थरथरणारी ती गाडी. आणि ढिगावरून मी हवेत गेले. साधारण दोन इंच. पण त्या दोन इंचांत मी कोणाचीच ग्रंथपाल नव्हते.

होडी भरतीच्या पाण्यानेच बेटाला लागते आणि पाणी फार उतरायच्या आत निघावं लागतं, नाहीतर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसते. दुपारी जेवणाच्या डब्यांनंतर, दुसऱ्या व्याख्यानाच्या सुमारास, शेंडीवाला 'आलोच' म्हणून उठला. तो पलीकडच्या बाजूला गेला, तिथून जाणाऱ्या एका मासेमाराच्या छोट्या होडीला हात केला आणि दातिवऱ्याला उतरून गेला. आम्हांला हे कळलं ते निघायच्या वेळी, तीन नंबरचा खिळा रिकामा दिसला तेव्हा.

बरोबरच्या मुलीला मोबाइलवर त्याचा निरोप आलेला होता. ती हसत म्हणाली, "अंकल, तो कधीच गेला. बोअर झाला होता. आता सफाळ्याहून ट्रेनमध्ये असेल."

"टोकन?"

"अं?"

"टोकन लावलं नाय. म्हंजे मानूस आत हाय."

काका एक-अ गाडीवर बसले आणि बेटाची फेरी मारून आले. हरवलेल्या माणसाला शोधतानाही त्यांनी विसाची मर्यादा ओलांडली नाही. आले तेव्हा चेहरा असा होता की मुलीने हसणं थांबवून सरळ व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर शेंडी दिसली, मागे गाडीची खिडकी पळत होती.

"हाय अंकल! सॉरी हां, अर्जंट होतं."

"टोकन दाखव."

"काय?"

"टोकन. पितळेचं. दाखव."

वैतरणेचा पूल आला असावा. चित्र गोठलं, तुटलं. पुन्हा लागेना.

"अंकल, तुम्ही बघितलंत ना त्याला! जिवंत आहे!"

"मोबाइलमधे काय, कोनी पन जिवंत दिसतो," काका म्हणाले आणि ताडाखाली बसले. "तुमी जा. मी थांबतो."

तांडेलाने होडीतून हाक मारली. "काका, पानी उतरतंय! अर्ध्या तासानं होडी हालणार नाय!"

"जा म्हनलं ना."

"तुमाला ठेवून कसा जाऊ? काकी मला वाळत घालंल."

कोणी हलेना. मुलगी रडकुंडीला आली, तिचा मित्र पोलिसांना फोन करू म्हणाला, जानीबायने दोन शेळ्यांमधून सांगितलं की तिने पोराला होडीत चढताना पाहिलंय. काकांनी ऐकलं, पण त्यांची नजर खिळ्यावर होती. पाणी काठापासून हातभर मागे गेलं होतं. हा म्हातारा एका पितळी चकतीसाठी आम्हां सगळ्यांना चिखलात बसवणार, याचा मला मनस्वी राग आला. आणि बुद्धिवान माणसाला राग आला की त्याला युक्ती सुचते.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने प्रथमोपचाराच्या पेटीकडे गेले. तीन-ब टोकन घेतलं. फळ्याजवळ येऊन म्हणाले, "काका, हे बघा, पिंपामागे पडलं होतं. जाताना टाकून गेला वाटतं." आणि खिळ्याला लावलं.

काका उठले. फळ्यासमोर उभे राहिले. टोकनं मोजली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फळ्याकडे.

"चला," म्हणाले.

होडीत मी स्वतःवर खूश होते. किती सोपं होतं! इतक्या वर्षांत या माणसाला कोणी एकदा नीट फसवलं असतं तर सगळं गाव सुखात राहिलं असतं.

सोमवारी शेंडीवाल्याने नेटवर सहलीला एक तारा दिला. मी तो मुद्दाम काकांना दाखवायला नेला. ते वाडीत पानवेलींना पाणी सोडत होते. माझ्याकडे वळले नाहीत. मंगळवारी त्यांनी जेवण अर्ध्यावर टाकलं. बुधवारी छपरावरची ती तांबडी-पांढरी नळी काठीला गुंडाळून अडकली होती, आणि त्यांनी ती सोडवली नाही. हे पाहून मात्र मी घाबरले आणि काकूंना विचारलं.

काकू आमसुलं वाळत घालत होत्या. हात न थांबवता बोलल्या. कारखान्यात काका साधे कामगार होते तेव्हाची गोष्ट. वायू गळला, भोंगा झाला, सगळे फाटकाकडे पळाले. फाटकाशी टोकनांचा फळा. आमच्याच गावचा एकजण, काकांचा जोडीदार, धावता धावता आपलं टोकन काकांच्या हातात कोंबून म्हणाला, माझं पन लाव, डबा राहिला, आलोच. काकांनी दोन्ही लावली. फळा भरला. साहेबांनी मोजलं, सगळे बाहेर. मग आत कोणी गेलंच नाही.

"तासाभरानं सापडला," काकू म्हणाल्या. "चौकशीत आलं की फळा बरोबर होता. यांनी कुनाला सांगितलं नाय. मला सांगितलं, तेही मुलगी झाल्यावर. पुढं सेफ्टीत गेले ते त्याच्यामुळं." त्यांनी एक आमसूल उलटं केलं. "रविवारपास्नं झोपत नायत. तुमी बेटावर होता ना, बाई? काय झालं तिकडं?"

मी काय झालं ते काकूंना सांगितलं नाही. सरळ वाडीत गेले. मला कबुली द्यायची सवय नाही. कॉलेजात हरवलेल्या पुस्तकांचं खापरही मी वाळवीवर फोडते. काका पानवेलीच्या ओळीत खाली वाकले होते.

"काका, ते टोकन..."

"म्हाईत हाय."

"तुम्हांला कळलं होतं?"

"तीनचं ब मी स्वता ठोकलंय. तिनाची शेपूट वाकडी झाली म्हनून तर त्याला स्टँडबायला टाकलं." ते सरळ झाले. "सोबत पोरं होती. पानी उतरत होतं. म्हनून निघालो."

"मला माहीत नव्हतं, काका. कारखान्यातलं."

त्यांनी मला हे कोणी सांगितलं ते विचारलं नाही. बराच वेळ हात पुसत राहिले.

"मी तुमच्या हाताकडं बघत होतो," ते म्हणाले. "टोकन लावताना जरा पन हालला नाय. माझा पन हालला नव्हता तवा."

मी खाली पडलेली पाण्याची नळी उचलून पुढच्या वेलीच्या बुडाशी लावली.

"उद्या पानी साडेदहाला चढंल," ते म्हणाले. "याल?"

मी आयुष्यात पहिल्यांदा रजेचं खोटं कारण दिलं. गुरुवारी तांडेलाने आम्हां दोघांना बेटावर सोडलं. गाड्या नव्हत्या, फळा नव्हता, परवाना नव्हता. हेल्मेटं होती. आम्ही चालायला लागलो. काका डाव्या हाताला, मी उजव्या हाताला, मध्ये पन्नास पावलांचं अंतर. मिठागरांच्या बांधांवरून, तिवरांच्या कडेकडेने, प्रत्येक रेतीच्या ढिगामागे. जो माणूस अंधेरीला आपल्या घरी सुखरूप होता, त्याला आम्ही भर उन्हात शोधत होतो. मला याचा वेडेपणा पहिली दोनशे पावलं जाणवला. मग मी खरंच बघू लागले. चिखलाच्या खळग्यात वाकून पाहिलं. पडक्या झोपडीत डोकं घालून पाहिलं. एकदा तिवरांत निळं काही दिसलं आणि मी चिखल तुडवत तिकडे धावले. ते डांबराचं रिकामं पिंप होतं. त्या क्षणी मला शेंडीवाल्याचा चेहरा आठवेना. ज्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता, असा डबा आणायला मागे वळलेला कोणीतरी माझ्या डोळ्यांपुढे होता.

जानीबाय शेळ्यांसकट आडवी आली.

"काय हरवलं गं, बाय?"

"माणूस."

"कोन?"

मी काकांकडे पाहिलं. ते लांब होते, ढिगाच्या पलीकडे वाकून बघत.

"कोणी नाही," मी म्हणाले.

"दोगांना पन ऊन लागलंय," असं म्हणून ती हसली, आणि काही न विचारता आमच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून शेळ्या हाकत चालू लागली. तिची नजर आमच्यापेक्षा चांगली होती. ती प्रत्येक झुडपात काठी घालून बघत होती.

दुपारी तीनच्या सुमारास बेट संपलं. पुढे फक्त खाडी, आणि उतरू लागलेलं पाणी. तांडेल होडीत उभा राहून हात करत होता, पण त्याने हाक मारली नाही. काकांनी हेल्मेट काढलं. मी त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहत होते. केस बरे होते की! घामाने चप्प बसलेले, पांढरे.

"सांगा, बाई," ते म्हणाले. "कोन हाय आत?"

मी मागे वळले. ज्या वाटेने आले होते त्या वाटेने पुन्हा एकदा डोळ्यांनी शेवटापर्यंत गेले. घाई केली नाही.

"कोणी नाही, काका. मी सगळं बघितलं. आत कोणी नाही."

काकांनी मान हलवली आणि होडीकडे निघाले. अर्ध्या वाटेवर थांबून, तिथूनच, मागे न बघता म्हणाले, "तवा कोनाला तरी असं आत पाठवायला पायजे होतं."